पंपाला अर्धा कप

"पंप कुठला तुमचा?" हैबतरावांनी विचारलं, आणि त्या एवढ्याशा प्रश्नात आपलं काही अडकलेलं असेल हे निरंजनच्या ध्यानीमनीही नव्हतं. एप्रिलमधली शनिवारची सकाळ होती. पौडच्या बाजारातल्या कृषी सेवा केंद्रात तो जास्वंदीसाठी निंबोळी तेलाची बाटली हातात घेऊन, किती घालायचं ते विचारत उभा होता, आणि मागे दोन-तीन शेतकरी आपली पाळी येण्याची वाट बघत उभे होते. पंपाची कंपनी काही केल्या आठवेना, म्हणून त्यानं सांगितलं, ऑनलाइन मागवलाय, हिरवा आहे. हैबतराव दुकानाचे मालक, माणूस मिश्कील. "रंग न्हाई इचारला सायेब. पाठीवरचा का हातातला?" हातातला, दोन लिटरचा, असं निरंजननं म्हटल्यावर त्यांनी बाटलीचं झाकण काढून त्याच्यापुढं धरलं. "मग हे एवढं झाकन बास झालं, तेबी काठोकाठ न्हाई. आन लिंबाची बाळझाडं आसली तर त्याच्या निम्मं. आमच्याकडं पंप म्हनला की तो पाठीवरचाच, पंधरा लिटरचा. आता कुनी तुमाला पंपाला अर्धा कप सांगितलं, आन तुमी ते ह्या फुसफुशीत वतलं, तर झाड भाजून निघंल की वो!" मागचा एक शेतकरी हसला. निरंजनही हसला. हसत हसतच त्यानं बाटली पिशवीत टाकली, पायऱ्या उतरला, गाडीत बसला, आणि मग त्याच्या तोंडावरचं हसू कुठं ठेवावं ते त्याला कळेना.

पंधरा लिटरचं तेल दोन लिटरात. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही, आणि तो तर होता. शिवाय प्रमाण सांगितलं होतं ते वसाहतीतल्या बागा बघणाऱ्या तुकाबाईनं, आणि तिचा कप म्हणजे टपरीवरचा, दोन घोटात संपणारा. त्याचा कप म्हणजे कंपनीनं दिवाळीला दिलेला, दोन्ही हातांनी धरावा असा कॉफीचा मग. म्हणजे नुसतं सातपट नाही, वीसपट. वीसपट तेल आपण त्या कमरेएवढ्याही नसलेल्या पाच झाडांना पाजलं. त्याला तो रविवार जसाच्या तसा आठवला. तुकाबाई बाकीच्या चारी बंगल्यांच्या झाडांना पाणी घालून शेवटी त्याच्याकडे आली होती. लिंबाचं एक कोवळं पान उलटं करून तिनं त्याच्यापुढं धरलं होतं. "ही बघा नागअळी. नाग गेल्यावानी रेघ उमटलीया. लई न्हाई अजून. पंपाला अर्धा कप निंबोळीचं तेल घ्यायचं, साबनाचा चुरा चिमूटभर, हालवून हालवून मारायचं. ऊन उतरल्यावर मारा हां. आन आधी एका फांदीला मारून दोन दिस बघा. का मीच मारू सोमवारी?" तेव्हा निरंजनच्या एका कानात ऑफिसचा कॉल चालू होता. दुसऱ्या कानानं त्यानं हे सगळं ऐकलं होतं, आणि मीच मारतो मावशी, मलाही जरा अनुभव हवा, असं म्हणाला होता. अनुभव! आठवड्याचे पाच दिवस हिंजवडीत काचेआड बसायचं आणि रविवारी इथल्या सुट्टीच्या बंगल्यात मातीत हात घालून फोटो काढायचे, याला तो अनुभव म्हणत असे. ऊन उतरेपर्यंत थांबायला त्याला वेळ नव्हता. चारच्या आत निघालं नाही तर चांदणी चौकात अडकायला होतं. म्हणून त्यानं सकाळी अकरा वाजता, मार्चच्या लख्ख उन्हात, टोपी घालून आणि मोठ्या निष्ठेनं पाचही झाडं पानापानाला खालून वरून न्हाऊ घातली. तेलानं पानं अशी चकाकली होती की त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

पुढच्या शनिवारी आला तर ती पानं कडांनी तळल्यासारखी तपकिरी झाली होती, आणि तीन झाडांखाली त्यांचा सडा पडला होता. त्याला पहिल्यांदा वाईट वाटलं नव्हतं, हे त्याला आता गाडीत बसून स्पष्ट दिसत होतं. पहिल्यांदा त्याला भीती वाटली होती, कुणाची ते सांगता आलं नसतं. ऑफिसात एखादी यंत्रणा बंद पडली की वाटते तशी. हिंजवडीत त्याचं कामच ते होतं. काही कोसळलं की का कोसळलं याचा अहवाल लिहायचा. त्यात तो इतका तरबेज होता की बाकीची माणसं आपापले अहवाल त्याच्याकडे घेऊन यायची, जरा हात फिरवून दे म्हणायची. त्याच्या हाताखालून गेलेल्या वाक्यात कुणी काही केलेलं नसे. सगळं आपोआप झालेलं असे, आढळून आलेलं असे, राहून गेलेलं असे. त्या शनिवारी त्यानं झाडांचे फोटो काढले आणि त्या सरावलेल्या हातानंच 'रानझरा'च्या ग्रुपवर लिहिलं. रानझरा म्हणजे त्यांची चौदा बंगल्यांची वसाहत, पौडच्या पुढे धरणाच्या अलीकडे. 'तुकामावशींनी सांगितल्याप्रमाणे तेलाची फवारणी केली. पाचही झाडं जळाली आहेत. बागेबाबत त्यांचे सल्ले घेताना कृपया काळजी घ्यावी.' वाचून बघितलं तर एकही शब्द खोटा नव्हता. तेल तिनंच सांगितलं होतं, झाडं जळलीच होती, आणि काळजी तर केव्हाही घ्यावीच. सायली, त्याची बायको, तेव्हा ओट्यापाशी उभी होती. फोन बघून ती म्हणाली, "अरे, पण ती ऊन उतरल्यावर मार म्हणाली होती ना? मला आतून ऐकू आलं होतं." त्यावर तो म्हणाला होता, "तेलाचं प्रमाणच चुकीचं असल्यावर उन्हाचं काय घेऊन बसलीस!" सायली गप्प झाली. ती अशी गप्प झाली की निरंजनला आपण जिंकलो असं वाटायचं. नंतर कित्येक दिवस ते वाटणं बोचत राहायचं.

आणि त्याच्या तीन वाक्यांनी काय काय केलं! शेखर, वसाहतीचे अध्यक्ष, मूळचे सैन्यातल्या पुरवठा खात्यातले, तासाभरात लिहून मोकळे झाले की असल्या अर्धवट सल्ल्यांवर आपल्या बागा सोडता येणार नाहीत. दोन दिवसांत पिरंगुटची एक बागकामाची एजन्सी ठरली. गणवेशातली मुलं मोटारसायकलवरून येऊ लागली, आणि तुकाबाईला चारही घरांनी एकाच आठवड्यात सांगितलं, मावशी, सध्या नको. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. काम गेलं हे तरी ठीक, ती पुन्हा कुणाच्या भाताच्या खाचरात गेली असती. पण तुकाबाईचं काम हे नुसतं काम नव्हतं, हे निरंजनला वॉचमननं, जयसिंगनं, मागच्या आठवड्यात सहज बोलता बोलता सांगितलं होतं. तिला हातगुण होता. आसपासच्या तीन वाड्यांत कुणी आंबा लावो, शेवगा लावो की दारातली तुळस, खड्ड्यात पहिली मूठ माती टाकायला तुकाबाईला बोलावणं जायचं. धनगराची बाई, जन्म शेळ्यांमागं गेला, शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण देशमुखांच्या मळ्यातसुद्धा तिच्यासाठी माणूस गाडी घेऊन यायचा. ती यायची, माती टाकायची, एक नारळ आणि चहा घेऊन परत जायची. "आता न्हाई जात कुनी बोलवाय," जयसिंग म्हणाला होता. "ते जळक्या झाडाचे फोटू फिरले ना गावात. लोकं म्हनत्यात, म्हातारीचा हात उतरला." हे ऐकून निरंजननं च् च् केलं होतं. एखाद्या तिऱ्हाइताच्या दुःखावर करावं तसं.

गाडी सुरू करून तो वसाहतीकडे निघाला. डाव्या हाताला डोंगराच्या उतारावर जमिनींच्या जाहिरातींचे फलक, उजव्या हाताला वाळलेली खाचरं. त्याला एकाएकी बाबा आठवले, आणि तेही खालच्या मानेनं उभे असलेले. बाबा कोथरूडच्या एका शाळेत कारकून होते आणि त्यांना 'माझंच चुकलं' म्हणायची खोड होती. खोडच म्हणायची, कारण घरात तिची चेष्टा व्हायची. दूध उतू गेलं की आई हसून म्हणायची, थांब, आता ह्यांचंच चुकलेलं असेल. निरंजन त्याच शाळेत सातवीत असताना एकदा मधल्या सुट्टीत तो ऑफिसबाहेर उभा होता. आत एका मुलाच्या दाखल्यावर जन्मतारीख चुकीची पडली होती म्हणून त्याचे वडील टेबलावर मूठ आपटत होते. ते अक्षर बाबांचं नव्हतं. निरंजन ते अक्षर ओळखायचा, दुसऱ्या कारकुनाचं तिरपं तिरपं अक्षर होतं, आणि तो कारकून तिथंच बसून फायलीत तोंड खुपसून होता. बाबा उठले आणि म्हणाले, "आमच्याकडून चुकलं. मीच तपासायला हवं होतं. तुम्ही बसा, मी आत्ता दुरुस्त करून देतो." तो माणूस तरीही ओरडत राहिला, आणि बाबा मान खाली घालून लिहीत राहिले. निरंजनला त्या क्षणी बाबांची इतकी लाज वाटली की तो डबा न खाता वर्गात गेला. रात्री बाबा नेहमीसारखे जेवले आणि अंथरुणाला पाठ टेकताच घोरू लागले. त्यांना झोप कशी लागते, याचाच त्याला राग आला होता. आपण असं कधी, कुणापुढं उभं राहायचं नाही, असं त्यानं तेव्हा ठरवलं की ते आपोआप ठरलं, हे आता सांगता येणार नाही. पण आजवर तो राहिला नव्हता. ऑफिसात नाही, सायलीपुढं नाही, मुलीपुढं नाही. बढत्या मिळत गेल्या त्या याच गुणावर. आणि आज पहिल्यांदा त्याच्या मनात आलं की त्या दिवशी त्या खोलीत लाज वाटण्याजोगा माणूस दुसराच होता, फायलीत तोंड खुपसलेला. आपण त्याच्यासारखे झालो आहोत, हे काही एका दिवसात झालं नसणार. त्याचा चेहरा गरम झाला. एसीचा झोत त्यानं स्वतःकडे वळवला, पण आतून तापलेल्याला त्याचा काय उपयोग.

फाटकातून आत आल्यावर तो घरात गेला नाही, आधी झाडांपाशी गेला. पाचातल्या दोन झाडांना पिवळट कोवळे कोंब फुटले होते. एका उघड्या फांदीची साल त्यानं नखानं खरवडून पाहिली, आत हिरवं होतं. म्हणजे ही जगतील. हे पाहून त्याला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं उलटंच. झाडं मेली असती तर निदान नुकसान तरी त्याचं झालं असतं. आता झाडंही वाचणार होती आणि तोही वाचणार होता. बुडणार होती एकटी तुकाबाई. तिथंच वाफ्याच्या कडेला बसून त्यानं फोन काढला आणि लिहायला घेतलं. 'मी' या अक्षरानं सुरू केलं आणि थांबला. खोडलं. मग ते कसं काय ते भराभर जमत गेलं, आणि दोन मिनिटांत त्यानं पाठवूनही दिलं. 'नमस्कार. लिंबांच्या फवारणीबाबत थोडा गैरसमज झाला होता. तुकामावशींच्या सांगण्यात चूक नव्हती, असं आता लक्षात आलं आहे. कळावे.' अंगठे पटापट उमटले. कुणीतरी हात जोडले. कुणी लिहिलं, 'हे सांगायलाही मोठं मन लागतं, निरंजन.' शेखरनी लिहिलं, 'भावना पोहोचल्या. मात्र एजन्सीशी वर्षाचं ठरलेलं असल्यानं आता बदल शक्य नाही. नवीन झाडांसाठी एजन्सीला भेटावे.' त्याखाली कुणीतरी पाण्याच्या टँकरचं विचारलं, आणि विषय संपला. मोठं मन! चोरी करून वर हारतुरे घेऊन आलेल्या माणसासारखा तो तिथं बसून राहिला. कोण चुकलं हे त्यानं लिहिलं नव्हतं, आणि गंमत म्हणजे कुणी विचारलंही नव्हतं.

मग तो उठला आणि चालत निघाला. गाडी घेऊन जाणं त्याला जमलं नसतं. तुकाबाईचं घर वसाहतीच्या मागच्या टेकाडावर, धनगरांच्या सात-आठ घरांत. तीन वर्षांत तो तिथं एकदाही गेला नव्हता, आणि तरी ती घरच्यासारखी आहे असं पाहुण्यांना सांगायचा. चढ चढून वर आला तर शेळ्या पडवीत बांधलेल्या, आणि तुकाबाई उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत बसलेली. त्याला पाहताच ती गडबडीनं उठली, पदर डोक्यावरून घेतला. "या या सायेब. मीच येनार होते उद्याच्याला. जालिंदर म्हनला गाडीव सोडतो." जालिंदर तिचा मुलगा, हिंजवडीला कंपनीची कॅब चालवायचा. ती घराच्या कडेला गेली आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलेल्या दोन काळ्या पिशव्यांकडे तिनं बोट दाखवलं. त्यांत लिंबाची दोन रोपं होती, तजेलदार, नुकतं पाणी घातलेली. "कागदी लिंबू हाय. नर्सरीतनं आनली. तुमची पाच गेली, माझ्याच्यानं दोनच झाली. बाकीची पावसाळ्यात देते."

निरंजननं वाकून एक पिशवी उचलायला हात घातला तशी ती दोन पावलं मागं सरली. "तुमच्याच हातानं लावा हां. मी न्हाई शिवायची. आनताना बी जालिंदरलाच धराय लावली." मग ती पुन्हा उंबऱ्यावर टेकली आणि तांदळांकडे बघतच बोलू लागली. तिला हे कुणालातरी सांगायचं होतं असं दिसलं, आणि सांगायला नेमका तोच समोर आला होता. "अर्धा कप म्हून मी आजवर किती जनांस्नी सांगितलं आसंल. दिरानं मारलं, देशमुखाच्या मळ्यात मारलं. कुनाचं पान गळलं न्हाई. पर तुमची झाडं जळली ती काय खोटी हायेत व्हय? जयसिंगनं फोटू दावला मला. मंग मी म्हनलं, वय झालं, तोंडातनं भलतंच गेलं आसंल. कपाच्या जागी तांब्या म्हनले का काय म्हनले! रोज उटून तेच घोकते, काय म्हनले आसंल मी. आटवत न्हाई. आता कुनी काय इचारलं तर सांगतच न्हाई. भ्या वाटतंय." आणि तिनं हात पुढे करून स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचा हात पाहावा तसं.

"मावशी," निरंजन म्हणाला, "त्याचं काय झालं, जरा गैरसमज झाला."

"कुनाचा?" तुकाबाईनं विचारलं. तिनं अगदी साधेपणी विचारलं होतं. तिला खरोखरच ते माहीत करून घ्यायचं होतं.

"माझा." त्यानं श्वास घेतला. "तुम्ही बरोबर सांगितलं होतं. तुमचा पंप म्हणजे पाठीवरचा. मी ते अर्धा कप तेल माझ्या छोट्या पंपात ओतलं. दोन लिटरच्या. मला आज दुकानात कळलं. आणि तुम्ही ऊन उतरल्यावर मारा म्हणालात, मी भर उन्हात मारलं. एका फांदीला मारून बघा म्हणालात, तेही मी केलं नाही."

सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. एक कोंबडी तांदळाच्या वासानं जवळ आली, तिला हाकलायचंही तिला सुचलं नाही. मग ती म्हणाली, "ऊन उतरल्यावर म्हनले होते मी?"

"हो."

"आन तुमाला ते आटवत होतं?"

"हो."

"तवाबी? तुमी लिवलं तवाबी?"

या प्रश्नाला तो घाबरत होता. पंपाचं त्याला आज कळलं, ते कुणालाही सांगता आलं असतं, त्यावर हसताही आलं असतं. पण उन्हाचं त्याला तेव्हाही माहीत होतं. सायलीनं आठवणसुद्धा करून दिली होती. माहीत असून त्यानं ते बाजूला ठेवलं होतं, भाजीतला खडा ताटाबाहेर ठेवावा तितक्या सहज. खोटं बोलायला आताही वाव होता. तुकाबाईनं विश्वास ठेवला असता.

"हो," तो म्हणाला. "तेव्हाही आठवत होतं."

तुकाबाई रडली नाही, ओरडलीही नाही. तिनं सूप खाली ठेवलं आणि हाक मारली, "सोने, भाईर ये." सोनाली, तिची सून, ओले हात पुसत बाहेर आली. "परत सांगा," तुकाबाई निरंजनला म्हणाली. "हिच्याम्होरं सांगा. औंदा टमाट्याची रोपं लावताना हिनं मला बांधाव बसीवलं. म्हनली, आत्या, तुमी नका शिवू." निरंजननं परत सांगितलं. पहिल्या वेळी पंपाचं नीट समजावून सांगितलं होतं, या वेळी ते समजावणं स्वतःलाच नकोसं झालं. "त्यांनी बरोबर सांगितलं होतं, मी चुकीचं केलं, आणि नाव त्यांचं घेतलं," एवढंच तो म्हणाला. सोनालीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती सासूकडे पाहत होती, आणि तिचा चेहरा पडला. "आत्या, मला काय म्हाईत वो," ती पुटपुटली. तिलाही शरमेनं उभं राहवेना, हे पाहून निरंजनला कळलं की आपण लिहिलेलं आणखी किती घरांत शिरून बसलं असेल.

तुकाबाईनं पायात चपला सरकवल्या. "चला."

"कुठं?"

"तुमच्या वस्तीत. चारी दारी."

"मावशी, मी सकाळीच ग्रुपवर लिहिलंय," तो म्हणाला, आणि म्हणताना त्याची त्यालाच किळस आली.

"मला वाचता येत न्हाई. तुमी तोंडानं सांगा. मी हुबी ऱ्हाऊन आयकते." तिचा आवाज आता वेगळा होता. इतके दिवस तो सायेब सायेब म्हणणारा आवाजच ऐकत आला होता. असा आवाज तिच्याजवळ आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

ती पुढं आणि तो मागं, असे ते टेकाड उतरले. वाटेत शेळ्या घेऊन येणाऱ्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कुटं गं तुके, उन्हाचं?" ती न थांबता म्हणाली, "ह्या सायबाला लोकांस्नी काय सांगायचंय, त्येला घेऊन चाललीया." म्हातारा थांबून त्यांच्याकडे बघत राहिला. निरंजनला वाटलं, धावत जाऊन गाडीत बसावं आणि बाणेरच्या फ्लॅटचं दार आतून लावून घ्यावं. फाटकापाशी जयसिंग उठून उभा राहिला, दोघांना एकत्र पाहून त्यानं सलाम अर्ध्यावरच सोडला. शेखरांच्या बंगल्याची बेल तुकाबाईनं स्वतः दाबली. एरवी ती मागच्या दारानं जायची. आज ती पुढच्या दारात, निरंजनच्या शेजारी उभी राहिली.

"अरे निरंजन! ये ये, ऊन बघ किती आहे," दार उघडत शेखर म्हणाले, आणि मग त्यांची नजर बाजूला गेली. "मावशी, तुम्हाला कळवलंय ना आपण?"

"शेखर, ऐका आधी," निरंजन म्हणाला. "मावशींनी मला नीट सांगितलं होतं. झाडं मी जाळली. उन्हात मारू नका हे त्यांनी सांगितलेलं मला तेव्हाही आठवत होतं, आणि तरी मी ते लिहिलं नाही. त्यांचं काम माझ्यामुळं गेलं."

शेखरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, होतं असं. चुका सगळ्यांच्याच होतात. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. आत ये, सरबत घे." किती झटकन माफ केलं त्यांनी! जसं काही नुकसान त्यांचंच झालं होतं. आतून गार हवेचा झोत येत होता, आणि एक पाऊल टाकलं की हे सगळं संपलं असतं. निरंजननं खांद्यावरचा हात हळूच काढला.

"मला नका म्हणू. यांना काय ते म्हणा."

शेखर गडबडले. एवढ्या वर्षांत त्यांच्यावर असा प्रसंग आला नसावा. त्यांनी दाराच्या कडीशी चाळा केला, घसा खाकरला, आणि पहिल्यांदाच तुकाबाईच्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "बरं मावशी, निरंजननं सांगितलंय सगळं. मग झालं ना आता? मिटलं ना?"

"न्हाई," तुकाबाई म्हणाली, आणि शेजारच्या फाटकाकडे चालू लागली.